विधी महाविद्यालयाचं ग्रंथालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या की काउंटरवर एकदम गर्दी होते आणि पहिले काही आठवडे आम्ही तेच ते सांगत राहतो. म्हणून हे लिहून ठेवलं. किती पुस्तकं, किती दिवस, किती दंड हे नोटीस बोर्डावर आहे. ते तिथेच वाचा. इथे त्यापलीकडचं आहे. पुस्तक काढून देणं हे आमचं सोपं काम. तुम्हाला सापडलेला कायदा आजही कायदा आहे का, हे तपासायची सवय लावणं अवघड, आणि खाली बहुतेक तेच वेगवेगळ्या प्रश्नांच्या निमित्ताने येईल.

कार्ड झालं. सुरुवात कुठून करू?

रॅकमधून एक चक्कर मारा. बेअर ॲक्ट म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर. टेक्स्टबुक म्हणजे एखाद्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी केलेली मांडणी. कॉमेंटरी म्हणजे कलमागणिक निकालांचा खल. ती वकील वापरतात, न्यायाधीशही. डायजेस्टमध्ये निकालांचे विषयवार गोषवारे असतात आणि रिपोर्टमध्ये निकाल स्वतः. पहिल्या वर्षाला बहुतेकांचा भरवसा या सगळ्यांना सोडून नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेल्या गाइडवर असतो. गाइडशी आमचं वैर नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री ते कामाला येतं. फक्त त्यातलं कलम एकदा मूळ मजकुराशी ताडून बघा. एखादं ‘किंवा’ गळालेलं असतं आणि अख्ख्या कलमाचा अर्थ फिरतो.

बेअर ॲक्ट विकत घ्यावा की इथून न्यावा?

विकत घ्या. कायद्याच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या पैशाने घ्यावं असं हे एकच पुस्तक. केंद्राचे कायदे ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत, पण कागदावर रेघा मारून वाचलेलं डोक्यात राहतं. एक प्रत मात्र कोरी ठेवा : वकिलीसाठी द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय बार परीक्षेत बेअर ॲक्ट सोबत नेता येतो, पण टिपा नसलेला.

‘सर, आयपीसीचं नवीन पुस्तक भेटून नाही राहिलं.’

भेटणार नाही, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांच्या जागी ३५८. फौजदारी प्रक्रिया संहितेची झाली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, ५३१ कलमांची. पुरावा कायद्याचं झालं भारतीय साक्ष्य अधिनियम, १७० कलमांचं.

तरीही जुन्या कॉमेंटऱ्या आम्ही रद्दीत काढलेल्या नाहीत आणि काढणारही नाही. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर तो जुन्या दंड संहितेखालीच चालतो. कनिष्ठ न्यायालयात आज बसलात तर एकाच दिवशी ३०२ ची केस ऐकाल आणि १०३ चीही, दोन्ही खुनाच्याच. नव्या कलमाचा अर्थ लावतानाही जुन्याच शब्दांवरचे दीडशे वर्षांचे निकाल बघावे लागतात, कारण पुष्कळ ठिकाणी फक्त आकडा बदललाय.

सगळ्यात जास्त गोंधळ ४८२ चा. जुन्या प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ज्याखाली एफआयआर रद्द करून मागतात. नव्या संहितेत ते ५२८ झालं आणि ४८२ वर अटकपूर्व जामीन येऊन बसला, जो पूर्वी ४३८ होता. म्हणजे नुसतं ‘कलम ४८२’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याने काय समजायचं? कलमाच्या आकड्याशेजारी कायद्याचं नाव लिहायची सवय आजपासून लावा. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता काउंटरवर मागा. तो फोटो काढण्यासाठीच ठेवलाय.

सायटेशन कसं वाचायचं?

सायटेशन म्हणजे निकाल कुठे छापलाय त्याचा पत्ता. केशवानंद भारती हा निकाल घ्या. ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, साल १९७३, सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पान १४६१. ‘(१९७३) ४ एससीसी २२५’ म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस, त्या सालचा चौथा खंड, पान २२५. निकाल एकच, घरं दोन. २०२३ पासून तिसरा प्रकारही रुळतोय, तटस्थ सायटेशन, जे न्यायालय स्वतःच देतं : सर्वोच्च न्यायालयाचं ‘२०२३ आयएनएससी’ आणि पुढे क्रमांक. आपल्या खंडपीठाच्या निकालावर ‘बीएचसी-एनएजी’ दिसेल; त्यातलं एनएजी म्हणजे नागपूर.

आता जरा गावाचं कौतुक. एआयआर हे नाव देशभरातले वकील रोज घेतात, पण ते आपल्या नागपुरातून निघतं हे इथल्याच विद्यार्थ्यांना आम्हाला सांगावं लागतं. व्ही. व्ही. चितळे यांनी ते सुरू केलं आणि त्याचे खंड १९१४ पासूनचे आहेत. जुन्या खंडांत ‘नाग.’ असं संक्षिप्त रूप सापडेल. ते बघून ‘नागपूर बेंच’ लिहू नका. १९३६ पर्यंत इथे ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. १९३६ ते १९५६ स्वतंत्र नागपूर उच्च न्यायालय होतं. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले न्या. हिदायतुल्ला त्याचे मुख्य न्यायाधीश होते. राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं. सिव्हिल लाइन्समधल्या त्याच इमारतीची ही दोन वेगळी न्यायालयं आहेत. मूटमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात, यावर परीक्षक हटकून अडवतात.

सगळे निकाल नेटवर फुकट आहेत. मग ग्रंथालयात यायचं कशाला?

निकाल फुकट आहेत हे खरंच, आणि ते चांगलंच आहे. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट ई-एससीआरवर आहेत, इंडियन कानून हे संकेतस्थळ आहे, उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ आहे. निकालाच्या मजकुरावर कुणाची मालकी नाही. पण हेडनोट म्हणजे निकालाच्या डोक्यावरचा सारांश, संपादकाने पाडलेले परिच्छेद, ‘हा निकाल पुढे कुठे मानला गेला, कुठे नाकारला’ याच्या नोंदी यांमागे कुणाची तरी मेहनत असते. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेषा आखली : मूळ निकाल सगळ्यांचा, संपादकीय भर ज्याची त्याची. त्या नोंदींसाठीच महाविद्यालय डेटाबेसचे पैसे भरतं.

त्या नोंदी न बघितल्याने काय होतं, याचं आमच्याकडे ठरलेलं उदाहरण आहे. एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल, १९७६. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात. हा निकाल नेटवर पूर्ण सापडतो, स्वच्छ, पाचसदस्यीय घटनापीठाचा. त्याच्या पहिल्या पानावर ‘मी मेलो आहे’ असं लिहिलेलं नसतं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयतेचा हक्क मान्य केला, तेव्हा जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला गेला. जाता जाता : ज्या उच्च न्यायालयांनी १९७५-७६ मध्ये स्थानबद्धांच्या याचिका ऐकून घ्यायची हिंमत दाखवली त्यांत आपलं नागपूर खंडपीठही होतं. तो मूळ निकाल वाचायचा असेल तर काउंटरवर विचारा, शोधायला सोबत बसू.

तेव्हा नियम असा : निकाल सापडला की काम अर्धं झालं. तो अजून जिवंत आहे का ते बघितल्याशिवाय वहीत उतरवू नका.

एआयला विचारून केस लॉ काढले तर चालतील?

विचारायला कुणाची ना नाही. विषयाची तोंडओळख, इंग्रजी वाक्य सोपं करून घेणं, यासाठी आम्हीही वापरतो. पण त्याने दिलेलं प्रत्येक सायटेशन उघडून बघा. पक्षकारांची नावं भारदस्त, साल बरोबर, पान क्रमांकही असतो, आणि त्या पानावर भलताच निकाल असतो किंवा ते पानच नसतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात मटा विरुद्ध एव्हियांका या खटल्यात वकिलांनी असे अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. आमच्याकडेही विद्यार्थी अशी यादी घेऊन येतात : ‘मॅडम, हे सात निकाल काढून द्या.’ सातांतले चार जन्मालाच आलेले नसतात. त्यांना आम्ही रागावत नाही. खंड हातात देतो आणि म्हणतो, तूच काढून दाखव. पंधरा मिनिटांत समजतं.

कुळकायद्यावर प्रोजेक्ट आहे. १९४८ चा कायदा काढला, सर म्हणतात चुकलं. काय चुकलं?

जिल्हा चुकला. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा पश्चिम महाराष्ट्राचा. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा आहे, नावातच ‘विदर्भ प्रदेश’ असलेला. पुण्याच्या लेखकाच्या टेक्स्टबुकात तो दोन ओळींत उरकतात, त्यामुळे इकडची मुलं दरवर्षी याच खड्ड्यात पडतात.

कारण इतिहासात आहे. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे सी. पी. अँड बेरारमध्ये, राजधानी नागपूर. माणसं महाराष्ट्रात आली तसे कायदेही सामान घेऊन आले. वऱ्हाडात १९२८ ची जमीन महसूल संहिता होती, मग १९५४ ची मध्य प्रदेशची आली. आज आपण जी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता शिकतो ती १९६६ ची, लागू झाली १५ ऑगस्ट १९६७ ला. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर हक्क कुणाचा हे वाचायला गेलात की मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपवणारा मध्य प्रदेशचा १९५० चा कायदा लागतो. नागपुरातल्या जुन्या घराच्या भाड्याच्या भांडणात सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश, १९४९ दिसतो. तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू होईपर्यंत चालला. ‘एनआयटी’ आपण रोज म्हणतो, ती नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या स्वतःच्या कायद्यावर उभी आहे. आणि नझूल, म्हणजे शहरातली सरकारी मालकीची जमीन! मुंबईच्या मित्राला नझूल म्हणजे काय हे एकदा समजावून बघा.

हे मेलेले कायदे नाहीत. झुडपी जंगल घ्या. महसुली दप्तरातली ही जुनी नोंद, जमीन जंगल की पडीक यावर वर्षानुवर्षं वाद, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच मानल्या. तो निकाल नीट समजायचा तर मागचे सगळे थर उलगडावे लागतात. म्हणून कोपऱ्यातलं ‘सीपी अँड बेरार’ लिहिलेलं कुलूपबंद कपाट. किल्ली काउंटरवर असते. ती मागणारा विद्यार्थी आला की आमचा दिवस बरा जातो.

माझं बारावीपर्यंत सगळं मराठीत झालं. इंग्रजी निकाल वाचताना झेपत नाही.

इथे येणाऱ्यांत तुम्ही एकटे नाही. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळहून येणाऱ्या पुष्कळांचं पहिलं सत्र असंच जातं, आणि ते सांगायला लाजतात. लाजू नका. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तिथे उलट ‘प्लेंट’ला वादपत्र आणि ‘ॲफिडेव्हिट’ला प्रतिज्ञापत्र म्हणतात हे इंग्रजी माध्यमाच्या मुलाला शिकावं लागतं. उच्च न्यायालयाचं काम मात्र इंग्रजीत, म्हणून दोन्ही लागणारच.

आम्ही असं सुचवतो : भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश शेजारी ठेवा. संविधानाची मराठी आणि इंग्रजी प्रत एकाच टेबलावर उघडून एकेक अनुच्छेद वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांचे मराठी अनुवाद न्यायालयाच्याच संकेतस्थळावर आहेत, काहींची भाषा यंत्राने केल्यासारखी खडबडीत आहे, पण कथानक कळतं. मग इंग्रजी निकालात आधी तथ्यं, मग मुद्दे, मग शेवटचा आदेश आणि सगळ्यात शेवटी मधला युक्तिवाद, असं वाचा. अडलेला शब्द सांगायला आम्ही बसलोच आहोत. एक सावधगिरी : अनुवाद समजण्यासाठी, उद्धृत करायचा तो मूळ इंग्रजी मजकूर.

मूट कोर्टसाठी ग्रंथालय नेमकी काय मदत करतं?

टीमला बसायला टेबल, ठरावीक मुदतीपुरती वेगळी काढून ठेवलेली पुस्तकं, डेटाबेसमध्ये शोध कसा घ्यायचा याचं एक सत्र, आणि मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, जमा करायच्या आधी सायटेशनांची तपासणी. युक्तिवाद आम्ही सुचवत नाही. तो तुमचा.

शोध घेताना पोरं एकच चूक करतात, आपल्या बाजूचे निकाल तेवढे गोळा करतात. समोरच्याची बाजू आधी वाचा. आपल्याविरुद्धचा निकाल परीक्षकाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकणं ही फार वाईट वेळ असते.

हवी ती कॉमेंटरी कॅटलॉगमध्ये ‘उपलब्ध’ दिसते, रॅकवर नाही.

कुणीतरी दडवली आहे. मूटच्या आठवड्यात फौजदारी कॉमेंटऱ्या सागरी कायद्याच्या मागे सापडतात, कारण तिकडे कुणी फिरकत नाही असं दडवणाऱ्याला वाटतं. आम्हाला ती जागा माहीत आहे. सांगा, काढून देतो.

प्रोजेक्टचा विषय सुचत नाही.

विषय आपल्याच भागात शोधा. एक वाट दाखवतो. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, एआयआर १९७९ एससी १८५. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. निकाल वाचून झाला की १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र काढा. मग विधी आयोगाचा १९८० चा ८४ वा अहवाल. मग १९८३ ची दुरुस्ती, जिने पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आणलं. आज ते साक्ष्य अधिनियमात १२० वं आहे.

निकाल, पत्र, अहवाल, दुरुस्ती, नवं कलम : पाच वेगवेगळ्या रॅकवरच्या पाच गोष्टी. त्या ओळीने लावता आल्या की संशोधन जमलं. असाच धागा तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या प्रकरणाचाही काढता येईल. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथेच भरतं. त्या दिवसांत मांडलेलं एखादं विधेयक पकडून त्याच्या मागे लागलात तरी चालेल.

कोर्ट व्हिजिट आणि इंटर्नशिपसाठी ग्रंथालयाचा काय उपयोग?

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप लागते. खटले प्रत्यक्ष बघून डायरीही लिहायची असते. जायच्या आदल्या दिवशी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून आधीचे आदेश वाचा. नाहीतर जिल्हा न्यायालयात दिवसभर बसून ‘पुढची तारीख’ एवढंच कळतं. जुन्या चांगल्या डायऱ्या नाव झाकून ठेवल्या आहेत, इथेच बसून बघता येतात. उतरवून घेतलेल्या लगेच ओळखू येतात, कारण साक्षीदार तोच असतो.

पूर्ण पुस्तक झेरॉक्स करता येईल?

नाही. अभ्यासापुरती प्रकरणं करता येतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठी सवलती आहेत आणि त्यांचा अर्थ किती सैल लावायचा यावर दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाचा खटला प्रसिद्ध आहे, दिल्ली उच्च न्यायालय, २०१६. तो वाचून आमच्याशी वाद घालायला आलात तर आनंदच आहे. झेरॉक्स तरीही पूर्ण मिळणार नाही.

‘सिमिलॅरिटी’ किती टक्के चालते?

सिमिलॅरिटी म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणारा भाग. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत किरकोळ धरतात, त्यापुढे पायऱ्या आहेत. आकड्याच्या मागे लागू नका. शब्द फिरवून टक्के खाली आणलेला आणि तळटीप नसलेला परिच्छेद हीसुद्धा चोरीच.

घरून डेटाबेस बघता येतो?

हो, लॉगिन काउंटरवर मिळतं. ते वकिली करणाऱ्या काकांना देऊ नका. एका दिवसात शेकडो निकाल डाउनलोड झाले की कंपनी सगळ्यांचंच बंद करते.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी काय सोय आहे?

स्क्रीन रीडर असलेला संगणक आहे, आणि लागेल ते पुस्तक स्कॅन करून वाचता येईल अशा रूपात देतो. यात कॉपीराइटची अडचण येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ती मुभा कायद्यातच आहे. ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचं सदस्यत्व घ्यायलाही मदत करतो. सत्राच्या सुरुवातीला यादी द्या, ऐन परीक्षेत दिली तर स्कॅनिंगला वेळ पुरत नाही.

मे महिन्यात वाचनकक्षात कूलर आहेत, मग जुन्या रिपोर्टच्या दालनात का नाहीत?

बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना हा प्रश्न रागानेच येतो. पण कूलर पाण्यावर चालतो. ओल्या हवेने जुना कागद फुगतो, बांधणीचा गोंद सुटतो, आणि मग पावसाळ्यात बुरशी. तिथे पंख्यावरच भागवा. खंड घेऊन वाचनकक्षात या, काम झालं की परत द्या. कूलरसमोर उघडा ठेवून चहाला जाऊ नका.

पास झाल्यावरही येता येईल?

माजी विद्यार्थी म्हणून कार्ड काढा आणि या. पुस्तक घरी नेता येणार नाही, बसून वाचता येईल. वकिलीची सनद मिळाल्यावर पहिली एक-दोन वर्षं, स्वतःचं पुस्तकांचं कपाट होईपर्यंत, पुष्कळ ज्युनिअर संध्याकाळी कोर्ट सुटलं की इथेच असतात.

वाचनकक्षात वस्तू विसरली तर?

काउंटरखाली खोकं आहे. सध्या त्यात तीन चष्मे, एक टिफिनचं झाकण आणि वकिली गळपट्ट्यांचे पांढरे बँड सहा आहेत. मूटची फेरी शनिवारी आहे, तेव्हा ज्यांचे असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत घेऊन जावेत.